मुलांचं देणं आणि आपलं स्टेटस



शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला आणि आमच्या पॅरिशच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो यायला लागले. कुणाच्या मुलीने वाढदिवसाच्या पैशातून वह्या वाटल्या, कुणाच्या मुलाने छत्री दिली. मुलं गुणी आहेत, शंकाच नाही. मला मात्र त्या फोटोतलं दुसरं मूल दिसतं, वह्या घेणारं. ते बहुतेक वेळा खाली बघत असतं.

दुसऱ्यांना शिकवावं म्हणून हे लिहीत नाही. माझ्याच हातून झालंय.

१९८६चा जुलै. माझा मुलगा पाचवीत, मी शिकवायचे त्याच शाळेत. शाळेत मला टीचर म्हणायचा, घरी मम्मी. एक दिवस चिंब भिजून आला. रेनकोट कुठाय? म्हणे हरवला. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. त्यात काटकसर करून घेतलेला नवा रेनकोट. दोन धपाटे घातले. पोरगा मुकाट जेवायला बसला.

चार दिवसांनी शाळेच्या व्हरांड्यात खुंटीवर तोच रेनकोट लटकलेला, कॉलरच्या आत मी लाल दोऱ्याने घातलेली खूण. घरी जाताना तो चढवला वर्गातल्या एका मुलाने. त्याचे वडील त्याच वर्षी वारले होते.

माझा ऊर भरून आला. तिथेच गप्प बसायचं होतं. पण मी टीचर्स रूममध्ये सांगितलं, मग शेजारणीला, मग फादरांना. फादरांनी रविवारी मिस्सेच्या प्रवचनात सांगितलं, नाव न घेता. पण एवढ्याशा पॅरिशमध्ये नाव घ्यावं लागतं कुठे? मी पुढच्या बाकावर मान ताठ करून बसले होते. डाव्या हाताला कळू नये, हा मत्तयाचा सहावा अध्याय मीच कॅटेकिझमच्या वर्गात शिकवत होते, बरं का!

सोमवारी तो मुलगा भिजत आला. रेनकोट पेपरात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला. "आईने परत द्यायला सांगितलंय, टीचर." खूप समजावलं, घेतला नाही.

माझा मुलगा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, "मम्मी, मी हरवला म्हणून सांगितलं होतं ना?"

सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या कॉलेजच्या मित्रांनी सुरू केली. त्यांच्या सभेत पिशवी फिरवायची पद्धत आहे. मूठ आत घालायची. कुणी किती टाकलं, शेजाऱ्यालाही कळत नाही. आमचे हे मेंबर होते. किती टाकता, म्हणून मी विचारून विचारून दमले, शेवटपर्यंत सांगितलं नाही.

काही पालक म्हणतात, फोटो बघून इतर मुलंही शिकतात. थोडं खरं असेल. पण देताना फोन कुठे आहे ते आधी बघणारं मूलही मी याच वर्षी पाहिलं. अभिमान वाटला तर त्या दिवशी घरी त्याच्या आवडीचं जेवण करा, कारण सांगू नका. वह्या-दप्तरं पॅरिश ऑफिसात द्या, सिस्टर बरोबर घरोघर पोचवतील. आणि घेणाऱ्या मुलांचे जे फोटो ग्रुपवर आहेत, ते अ‍ॅडमिनने या रविवारच्या आत काढावेत, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, कॅम्प, बेळगाव