गाठीतला दुष्काळ

दिवाळी अंकात कर्करोगाचा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण दिवाळीतच घर भरलेले असते. मुंबईचे काका, पुण्याची आत्या, सांगलीची मावशी एका पंगतीला बसतात आणि फराळ आटोपला की प्रकृतीच्या गोष्टी निघतात. ओळखीपाळखीत कुणाच्या तरी छातीत गाठ निघालेली असते आणि सल्ल्यांना मग तोटा नसतो. "पाचगणीला नेऊन ठेवा, हवा चांगली," असे एक म्हणतो. "घरी प्राणवायूचे सिलिंडर आणा, गाठ जिरेल," असे दुसरा. अलीकडे तिसराही एक भेटू लागला आहे. प्राणवायू कमी पडला की कर्करोगाच्या पेशी जास्त हिंडू लागतात, असे त्याने कुठेसे वाचलेले असते. तेव्हा पाचगणीची विरळ हवा घातकच, असा त्याचा निकाल! तिघांच्याही बोलण्यात खऱ्याचा एकेक कण आहे, आणि म्हणूनच तिघांपासून जपायला हवे.

पाचगणीचे नाव निघते ते काही उगीच नाही. क्षयावर औषध नव्हते त्या काळी स्वच्छ हवा, विश्रांती आणि चौरस आहार एवढेच वैद्यांच्या हाती होते. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली पाचगणीला बेल-एअर हे आरोग्यधाम काढले ते त्यासाठीच. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे क्षयरोग्यांचे रुग्णालयही त्याच परंपरेतले. त्यामुळे छातीचे दुखणे म्हणजे हवापालट, हे समीकरण सातारा-सांगलीच्या जुन्या घरांत पक्के बसले. पण क्षय हा जंतूंचा रोग, तर कर्करोग हे आपल्याच पेशींचे बंड. एकाचे पथ्य दुसऱ्याला चालत नाही.

आता गाठीत काय घडते ते पाहा. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेतात ऊस डोलत असतो आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याच्या वाट्याला ओलही येत नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. शरीरातही सूक्ष्म रक्तवाहिन्या हेच पाट. त्यांतून झिरपणारा प्राणवायू फार लांब जात नाही. १९५५ साली टॉमलिन्सन आणि ग्रे या दोन इंग्रज संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचेच पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. रक्तवाहिनीपासून सुमारे ०.२ मिलिमीटरच्या आत पेशी जिवंत होत्या. त्यापलीकडे मेलेल्या पेशींचा नुसता चोथा. गाठ भराभर वाढते, पाट मागे पडतात आणि गाठीच्या पोटात कायमचा दुष्काळ पडतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो; गाठीतल्या काही कोपऱ्यांत तो एका टक्क्याच्याही खाली उतरतो.

दुष्काळात माणूस काय करतो? माण, खटाव, आटपाडी या तालुक्यांतल्या माणसांना विचारा. कुणी मुंबईच्या गिरणीत गेले, कुणी मेंढरे घेऊन कृष्णाकाठ गाठला. विटा-खानापूरकडची माणसे तर सोने-चांदीच्या गलाईच्या धंद्यात भारतभर पसरली. त्यांनी जातील तिथे घरे उभी केली. गाठीतल्या पेशीही उपासमारीने बाहेर पडतात, पण जातील तिथे घर मोडतात. उपमा एवढ्यापुरतीच घ्यावी.

ही हालचाल कशी सुरू होते याचा उलगडा पुढे झाला. पेशीत 'हिफ' नावाचे एक प्रथिन असते. प्राणवायू भरपूर असला की पेशी ते तयार होताच काही मिनिटांत मोडून टाकते. प्राणवायू घटला की मोडण्याचे काम थांबते, प्रथिन साठते आणि पेशीच्या केंद्रकात शिरून अनेक जनुकांना जागे करते. अमेरिकेतले सेमेन्झा व केलिन आणि इंग्लंडातले रॅटक्लिफ यांना या शोधमालिकेबद्दल २०१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही यंत्रणा निरोगी शरीराच्याही उपयोगाची आहे. उंच डोंगरावर राहणाऱ्याचे रक्त दाट होते ते तिच्यामुळेच. कर्करोगाची पेशी मात्र तिचा गैरफायदा घेते. शेजारच्या पेशीला धरून ठेवणारा चिकटा ती सोडते, गोलसर होती ती लांबट होते, भोवतालचा धाग्यांचा बांध विरघळवणारे रस सोडते आणि नव्या, गळक्या रक्तवाहिन्यांना आमंत्रण देते. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींच्या थरावर एक रेघ ओरखडतात आणि ती किती तासांत बुजते ते मोजतात. एक टक्का प्राणवायूत ठेवलेल्या फुप्फुस-कर्करोगाच्या पेशी पुष्कळ वेळा ही रेघ अधिक लवकर बुजवतात. शरीरात याच वाटेने त्या मेंदू, हाडे, यकृत येथवर पोचतात. दगावण्याचा मोठा धोका मूळ गाठीपेक्षा या पांगण्यातच असतो.

मग पाचगणीचे काय? पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे १४ टक्के कमी. निरोगी माणसाच्या रक्तातला प्राणवायू त्याने नाममात्र उतरतो. गाठीतला दुष्काळ पाटांच्या तुटीचा आहे, आकाशाच्या कोरडेपणाचा नाही. म्हणून पाचगणीने गाठ बरी होत नाही, आणि दोन दिवस तिथे राहिल्याने ती बिथरतही नाही. मात्र दम लागणाऱ्या रोग्याला घाट चढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. सिलिंडरचेही तसेच. रक्तातले प्राणवायूचे हमाल बहुधा आधीच ९५ टक्क्यांच्या वर भरलेले असतात. वरून आणखी ओतले तरी शेपटाचे शेत भिजत नाही. ज्याच्या रक्तात प्राणवायू खरोखर उतरला आहे त्याला दम कमी करण्यासाठी सिलिंडर लागते. ते गाठीवरचे औषध नव्हे.

हे सारे जाणून घरच्या माणसांनी करायचे काय? तीन गोष्टी.

पहिली, विडी-सिगारेट आजच सोडायची. निपाणीची तंबाखू या मुलखाच्या शेजारचीच, पण तिच्या धुराचा हिशेब सोपा आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. म्हणजे गाठ देणारा धूर रोग्याचा उरलासुरला प्राणवायूही अडवतो. "आता सोडून काय उपयोग?" हा प्रश्न उपचार चालू असतानाही चुकीचाच.

दुसरी, किरणोपचार, म्हणजे लोक ज्याला शेक किंवा लाइट म्हणतात तो, मध्येच चुकवायचा नाही. प्राणवायू न मिळालेल्या पेशी मारायला किरणांची मात्रा अडीच ते तीन पट लागते. रोज थोडा थोडा डोस दिला की वरच्या पेशी मरतात, आतल्या पेशींपर्यंत प्राणवायू पोचतो आणि पुढच्या दिवशी त्या किरणांच्या तावडीत सापडतात. आठवड्यांमागून आठवडे मिरजेच्या खेपा घालायला लावतात त्यात ही खुबी आहे. सणासाठी चार दिवस बुडवले तर पेशींना तेवढा अवकाश मिळतो.

तिसरी, खोकला तीन आठवडे हटत नसेल, थुंकीत रक्त दिसले, किंवा क्षयाचे औषध चालू असूनही वजन उतरत राहिले, तर क्षयावरच अडून बसू नये. दोन्ही रोग एक्स-रेत सारखे भासू शकतात, आणि त्या घोटाळ्यात मोलाचे महिने जातात. थुंकीची तपासणी, स्कॅन आणि गाठीचा तुकडा काढून पाहणे, याला घाबरू नये. विडी कधीच न ओढलेल्या बायामाणसांनाही हा रोग होतो, हेही ध्यानात असावे.

'हिफ'ला अडवणारे एक औषध २०२१ साली अमेरिकेत मान्य झाले, पण ते काही निवडक गाठींसाठी, विशेषतः मूत्रपिंडाच्या, फुप्फुसासाठी नव्हे. तोवर आपल्या हातचा उपाय एकच. पेशी घर सोडण्याआधी गाठ ओळखायची. तेव्हा या भाऊबीजेला भाऊ ओवाळून घेताना खोकत असला, तर ओवाळणीत पैशांऐवजी डॉक्टरकडे जाण्याचा शब्द मागा, आणि तो त्याच आठवड्यात पाळून घ्या.