वर्गातले सॉफ्टवेअर निवडायचे कोणी?

म्हैसूरहून चामराजनगरच्या गाडीत बसले की नंजनगूडच्या अलीकडे कडकोळ लागते. या लाइनवरच्या बैठकांत पूर्वी बदली, क्वार्टर, बढती हेच विषय निघत. आता कामगार बंधू विचारतात, "साहेब, शाळेत अमुक अॅप घ्या म्हणतात. हप्त्याने घ्यावे का?"

आम्ही मॅट्रिक शिकलेले. संगणकातले आम्हाला फारसे कळत नाही. पण रेल्वेतला एक नियम आम्ही जाणतो. लोको पायलट कितीही जुना असो, नव्या मार्गावर रोड लर्निंग झाल्याशिवाय त्याच्या हाती गाडी देत नाहीत. शाळेत मात्र यंत्र आधी येते आणि शिक्षकाला विचारणे शेवटी, तेही झाले तर!

शिक्षकाच्या हाती निवड दिली तर काय होते, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. केरळने 2001 साली 'आयटी अॅट स्कूल' सुरू केले आणि पुढे सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. त्याला दर संगणकामागे परवाना शुल्क नाही, आणि मुलाने घरी प्रत नेली तरी तो गुन्हा होत नाही. भूमितीसाठी जिओजेब्रा आहे. त्रिकोणाचा कोपरा ओढला की तिन्ही कोन बदलतात, बेरीज मात्र 180 अंशच राहते. हे मूल स्वतःच्या हाताने करून पाहते. नुसता व्हिडिओ बघून ते होत नाही.

उलट बाजूही पाहावी. बायजूजसारख्या बलाढ्य कंपनीवर 2024 साली दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. कंपनी अडचणीत आली तर पालकाने आगाऊ भरलेल्या पैशाचे काय?

म्हणून पालकांनी शाळेला चार गोष्टी विचाराव्यात. मुलांच्या भाषेत आहे का? नेट गेले तरी चालते का? मुलांची माहिती कोणाकडे जाते? 2023 च्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, हे ध्यानात ठेवावे. आणि चौथे, शिकवणाऱ्या शिक्षकाने ते महिनाभर वर्गात वापरून पाहिले आहे का?

चौथ्याचे उत्तर 'नाही' असेल तर हप्त्याच्या कागदावर सही करू नये. गँगमनचा पगार घामाचा आहे. तो मुलाच्या शिक्षणावर जरूर खर्च व्हावा, पण विक्रेत्याच्या भूलथापांवर नव्हे. शिक्षक संघटनांनी आणि आपण मिळून ही मागणी लावून धरली पाहिजे.