गाणे लिहिणे शिकता येते

गीतकार जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही, असा समज मराठीत रूढ आहे. त्याला जोडूनच दुसरा येतो: गीतप्रकार ज्याच्या मातीतला, त्यालाच तो साधतो. हा दुसरा समज आधी तपासलेला बरा, कारण तो लवकर ढासळतो. लावणीचे नामवंत शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. तमाशा त्यांच्या घरचा नव्हता. शांता शेळके यांनी ‘मेघदूता’चा अनुवाद केला आणि कोळीगीतेही लिहिली. त्या कोळीवाड्यात वाढल्या नव्हत्या. तिथली बोली कानानेच मिळवावी लागते.

पहिला समज अधिक चिवट. सुचणे शिकवता येत नाही, हे मान्यच. पण माडगूळकरांनी ‘गीतरामायणा’ची ५६ गीते पुणे आकाशवाणीसाठी १९५५–५६ मध्ये आठवड्याला एक या वेगाने दिली. प्रतिभा असे वेळापत्रक पाळत नाही. ते पाळतो तो कसलेला हात. सुचलेली ओळ गाण्याजोगी करणे ही कारागिरी आहे आणि तिचे नियम प्रकारागणिक बदलतात. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरे, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे. आखूड चौथ्या चरणात गाणाऱ्याला श्वास मिळतो. गझलेत रदीफ, काफिया, एकच वृत्त आणि प्रत्येक शेर स्वतंत्र. भावगीतात उलट, प्रत्येक अंतऱ्याला ध्रुवपदाकडे परतावे लागते. लावणीत शब्दाचा आघात ढोलकीच्या थापेवर पडला नाही, तर शृंगारही फसतो. लांबवलेल्या सुरावर ‘आ’, ‘ओ’ टिकतात. तिथे ‘झटपट’सारखा शब्द आला की गायकाची पंचाईत. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली ती नवोदितांसाठी. शिकवता येत नसते, तर बाराखडी कशाला?

तयार चालीवर शब्द बसवणे म्हणजे रिकाम्या जागा भरणे, हा आणखी एक आक्षेप. तो खरा मानला तर किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ही (१८८०) बाद ठरेल, त्यातली पदे प्रचलित चालींवरच बांधलेली आहेत. शिकणाऱ्याला तर चाल हाच उत्तम शिक्षक. आधी निरर्थक शब्दांनी तिचे मीटर धरायचे, मग एकेक शब्द बदलत अर्थ आणायचा. पुढे एकच विषय, समजा पाऊस, निरनिराळ्या प्रकारांत लिहून पाहायचा. ओवीत तो जात्याच्या घरघरीत मिसळतो, लावणीत सजणाला थांबवून धरण्याचे निमित्त होतो, आणि गझलेत त्याला दोन ओळींतच पडून जावे लागते.