अबोला किती दिवसांचा?



आज एका कबुलीनंच सुरुवात करते. दर आठवड्याला तुम्हाला ‘असं करा, तसं करू नका’ असं सांगणारी मी, गेल्या वर्षी होळीनंतर पुरते नऊ दिवस घरात अबोला धरून बसले होते.

कारण ऐकाल तर हसाल. होळीला मोठे दीर, जाऊबाई, नणंद आणि त्यांची सगळी मंडळी मिळून आम्ही चौदा माणसं होतो. सकाळची शाळा करून मी साडेबाराला घरी आले ती थेट पुरणालाच लागले. रात्री पानं वाढल्यावर जाऊबाई कौतुकानं म्हणाल्या, “शाळा सांभाळून एवढं सगळं एकटीनं केलंस?” तर पोळीवर तूप घेता घेता आमचे हे म्हणतात कसे, “त्यात काय वहिनी, हिची तर अर्ध्या दिवसाची शाळा!” सगळे हसले. मीही हसले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून तोंडाला कुलूप लावलं.

आपल्या बायकांचा अबोला कसा असतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. डबा वेळेवर, कपडे इस्त्रीचे, चहा टेबलावर. शब्द तेवढा नाही. सांगायचं ते सगळं सात वर्षांच्या लेकीमार्फत. “बाबांना सांग, पानं वाढलीत.” “आईला विचार, माझी निळी फाईल कुठे ठेवली?” दोन खोल्यांचं घर. आम्ही चार हातांच्या अंतरावर, आणि ती पोर मधल्या दारातून इकडून तिकडे. चौथ्या दिवशी यांनी स्वतःच्या हातानं चहा करून माझ्यापुढे ठेवला. मी तो कप उचलला आणि त्यांच्यादेखत बेसिनमध्ये ओतला. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण खरं ते सांगितलं पाहिजे.

आठव्या दिवशी लेकीच्या पोटात दुखायला लागलं. शाळेत जायचं नाही म्हणाली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, म्हणाले, “तसं काही दिसत नाही.” दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या शाळेच्या समुपदेशक बाईंजवळ मी हा विषय काढला. अबोल्याचंही सांगून टाकलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “घरात निरोप कोण पोचवतं?”

त्या प्रश्नानं माझे डोळे खाडकन उघडले.

बाईंनी मग समजावून सांगितलं. मरे बोवेन नावाचे अमेरिकेतले एक मनोविकारतज्ज्ञ होते. एकट्या रुग्णाकडे न पाहता त्याच्या अख्ख्या कुटुंबाकडे पाहण्याची उपचारपद्धती ज्यांनी घडवली, त्यांतले ते एक. त्यांचं म्हणणं असं, की दोन माणसांत ताण वाढला आणि तो त्यांना सोसेना, की ती दोघं नकळत तिसऱ्याला मध्ये ओढतात. याला ते त्रिकोण म्हणत. तिसरं माणूस आलं की दोघांचा ताण हलका होतो, कारण त्यातला वाटा ते तिसरं माणूस उचलू लागतं. आमच्या घरी हा वाटा कोण उचलत होतं, ते आता उघडच होतं.

मला माझ्या आजीचं सासर आठवलं. वाडा, तीन चुली, वीस माणसं. तिथेही अबोले होतच. पण मध्यस्थीला सासू होती, आत्या होती, शेजारची मावशी होती. “पुरे झालं गं आता, त्याला ताट वाढ,” असं म्हणायला कुणीतरी वडीलधारं असे. शिवाय संक्रांत यायची आणि तिळगूळ हातावर ठेवताना तोंड उघडावंच लागायचं. आता आपल्या घरांत माणसं तीन नाहीतर चार. मध्यस्थी करायला मोठं कुणी नाही. मग ते काम आपसूक मुलांकडे जातं.

“पण आम्ही भांडलो नाही, आवाजसुद्धा चढवला नाही,” मी म्हटलं. त्यावर बाईंनी मला एका प्रयोगाची चित्रफीत दाखवली. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात तो प्रथम केला. आई तान्ह्या बाळाशी हसते, बोलते, खेळते. मग तिला सांगतात, आता थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेव. ओरडायचं नाही, रागवायचं नाही, नुसतं बघायचं. बाळ आधी हसून पाहतं, बोट दाखवतं, हात पुढे करतं, किंचाळतं आणि शेवटी तोंड फिरवून रडू लागतं. सगळा खेळ दोन-तीन मिनिटांचा. आई पुन्हा बोलू-हसू लागली की बाळ हळूहळू सावरतं. बोलता न येणाऱ्या बाळालासुद्धा गप्प चेहरा एवढा जाचतो, तर सात वर्षांच्या मुलीला नऊ दिवस काय वाटलं असेल!

मोठ्यांचं तरी काय वेगळं? 2003 साली अमेरिकेत नेओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि किपलिंग विल्यम्स यांनी माणसांना संगणकावर चेंडूफेकीचा साधा खेळ खेळायला दिला. थोड्या वेळानं बाकीचे खेळाडू त्यांच्याकडे चेंडू टाकेनासे होत. त्या वेळी त्यांच्या मेंदूचं चित्र घेतलं, तर शारीरिक दुखण्यात जो भाग जागा होतो, त्यातलाच एक भाग इथेही जागा झालेला दिसला. अनोळखी माणसांनी चेंडू दिला नाही, एवढ्यानं! आपण तर आयुष्य ज्याच्याबरोबर काढायचं त्याला वाळीत टाकतो. आता तर मोबाइलवरचा निरोप वाचायचा आणि उत्तर द्यायचं नाही, असा नवा अबोलाही निघालाय.

म्हणजे सगळा दोष अबोला धरणाऱ्या बाईचाच का? नाही हं. कैकेयी कोपभवनात गेली तेव्हापासून, जिचं बोलणं घरात कुणी मनावर घेत नाही तिच्या हाती हे एकच शस्त्र राहिलंय. आणि गप्प बसण्यात पुरुषही काही मागे नाहीत. जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात वर्षानुवर्षं जोडप्यांना समोरासमोर बसवून बोलतं केलं आणि त्या वेळी त्यांच्या नाडीचे ठोकेही मोजले. त्यांच्या पाहणीत, वाद चालू असताना भिंतीसारखे गप्प होणाऱ्यांत 85 टक्के पुरुष निघाले. बाहेरून थंड दिसणाऱ्या अशा माणसाची छाती आतून धडधडत असते. नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की माणसाला समोरच्याचं धड ऐकूच येत नाही, असं गॉटमन म्हणतात. ‘बघा, दगडासारखा बसलाय’ असं आपल्याला वाटतं, तेव्हा बरेचदा तो बुडणाऱ्यासारखा गटांगळ्या खात असतो.

यावर त्यांचा तोडगा मोठा मजेचा आहे. एकदा त्यांनी भांडणाऱ्या जोडप्यांना मध्येच थांबवलं, ‘यंत्र जरा नीट करायचंय’ अशी थाप मारली आणि अर्धा तास नुसती मासिकं वाचायला दिली. भांडणाचा विषय काढायचा नाही, एवढीच अट. पुन्हा बोलायला बसले तेव्हा नाडी खाली आलेली होती आणि बोलणंही समजुतीचं झालं. बघा, आपल्या अंकाचा असाही उपयोग होईल!

तेव्हा गप्प होणं वाईट नाही. उसंत घेणं वेगळं आणि अबोला धरणं वेगळं. उसंत घेणारं माणूस सांगून जातं आणि परत येतं. अबोला धरणारं ना सांगत, ना परत यायची वेळ देत.

त्या रात्री लेक झोपल्यावर मी यांच्यासमोर बसले. बाईंनी सांगितलं होतं, की बोलण्याची पहिली तीन मिनिटं सांभाळा. सुरुवात बोचरी झाली की शेवट बहुधा तसाच होतो. आणि माणसाला नावं ठेवू नका, घडलं ते सांगा. माझ्या जिभेवर होतं, “तुम्हाला माझी किंमतच नाही.” ते गिळलं आणि म्हटलं, “होळीला सगळ्यांसमोर माझ्या शाळेला अर्ध्या दिवसाची म्हणालात, ते मला फार लागलं. पुन्हा तसं म्हणू नका.”

यांनी माझ्याकडे बघितलं. “म्हणजे त्याच्यासाठी? मला वाटलं, गीझर दुरुस्त करून आणला नाही म्हणून!”

नऊ दिवस मी शिक्षा देत होते आणि गुन्हा कुठला ते गुन्हेगाराला माहीतच नव्हतं. वर हे म्हणाले, “अगं, तू तर सगळ्यांबरोबर हसली होतीस.” तेही खोटं नव्हतं. मला पुन्हा राग आला. मी म्हटलं, “मी जरा गॅलरीत जाते, अर्ध्या तासानं येते.” आणि खरंच आले. तोवर यांनी चहा ठेवला होता. या वेळी मी तो प्याले.

हे एका रात्रीत बदलले वगैरे काही नाही. पाडव्याला पुन्हा सगळे जमले तेव्हा शाळेचा विषय निघाला, तर एवढंच म्हणाले, “ती सकाळी साडेसहाला घराबाहेर पडते.” मला तेवढं पुरलं. लेकीचं पोटही त्या आठवड्यात दुखायचं थांबलं.

त्यानंतर आम्ही घरात चार गोष्टी ठरवल्या आहेत. पटल्या तर तुम्हीही करून पाहा.

पहिली, राग अनावर झाला तर ‘मी आत्ता बोलू शकत नाही, अमुक वाजता बोलू’ असं तोंडानं सांगायचं. निदान वीस मिनिटं तरी घ्यायची, नाडी उतरायला तेवढा वेळ लागतो. त्या वेळात मनातल्या मनात भांडण घोळवत बसायचं नाही; भाजी निवडा, फेरी मारून या, वाचा. आणि बोलण्याची वेळ ज्यानं मागितली, त्यानंच परत विषय काढायचा.

दुसरी, निरोप मुलांकडून पाठवायचे नाहीत. ‘जेवायला वाढलंय’ एवढंसुद्धा स्वतः म्हणायचं, मग आवाज कोरडा का असेना. मुलांना एवढंच सांगावं, “आमचं दोघांचं जरा बिनसलंय, ते आम्ही मिटवू. तुझी त्यात काही चूक नाही.”

तिसरी, समोरच्यानं पुढे केलेला हात ओळखायचा. तो ‘चुकलं’ म्हणेलच असं नाही. कुणी न मागता चहा करतं, कुणी दळण आणून टाकतं, कुणी उगाच विचारतं, “आज ऊन फार आहे नाही?” गॉटमन म्हणतात, चांगल्या संसारातही भांडणं होतातच, पण अशा लहान लहान खुणा तिथे वाया जात नाहीत. मी एक कपभर वाया घालवली होती.

चौथी, हसण्यावारी नेलेलं दुखणं त्याच दिवशी, पाहुणे गेल्यावर, सांगून टाकायचं. नवव्या दिवशी ते सांगणं फार जड जातं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. घरातली प्रत्येक शांतता म्हणजे अबोला नव्हे. बोललं तर मार बसेल, शिव्या मिळतील म्हणून जी गप्प राहते, तिला वरचे उपाय लागू नाहीत. तिनं नवऱ्याशी गोड सुरुवात करून पाहावी, असं मी म्हणणार नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळही येतो. तिनं माहेरच्या माणसांची आणि कायद्याची मदत घ्यावी. आणि एखादं माणूस एकट्याशी नाही तर सगळ्यांशीच बोलेनासं झालं, दोन आठवडे उलटले तरी झोप नाही, अन्नावर वासना नाही, कशातच गोडी नाही, जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलतं, तर तो रुसवा समजू नका. ते दुखणं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. 2022 पासून सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येतं.

परवा आमचं पुन्हा थोडं वाजलं. लेक दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “बाबांना काही सांगायचंय का?”

मी म्हटलं, “हो, पण माझं मी सांगते. तू खेळायला जा.”

ती चपला घालून पळालीसुद्धा.

तुमच्या घरचा अबोला किती दिवस टिकतो, आणि पहिला शब्द कोण बोलतं? जरूर कळवा.