पिकअप बदलण्यापूर्वीं

मेटल संगीतांतील घनगर्जनेसारखा नाद काढण्याची हौस आमच्या नगर जिल्ह्यांतील कांहीं तरुणांस लागली आहे. 'अधिक जोरदार पिकअप आणून द्या' असा हट्ट ते वडिलांपाशीं धरतात. हौसेस आमची हरकत नाहीं. परंतु जोर म्हणजेच नाद, हा समज चुकीचा आहे.

पिकअप म्हणजे लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें. गिटारची पोलादी तार कांपली म्हणजे वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. १९५५ सालीं गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यांनीं दोन वेटोळीं उलटसुलट जोडून विजेची घरघर घालविली, तोच हम्बकर. मेटलला हाच योग्य. मात्र गडगडाट ध्वनिवर्धकांत घडतो. पिकअपनें त्यास स्पष्ट स्वर पुरवावा. पिकअप अतिजोरदार असला तर खर्जांतील स्वर एकमेकांत कालवले जातात.

तंबोऱ्याचा नाद बिघडला म्हणजे मिरजेचे कारागीर घोडी फेकून देत नाहींत; ती घासून जवारी काढतात. त्याचप्रमाणें आधीं नव्या तारा चढवाव्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तिचें पिकअपपासून अंतर २ ते ३ मिलिमीटर ठेवावें. फार जवळ असल्यास चुंबक तारेस ओढून नाद बिघडवितो. एवढ्यानें न भागल्यास घोडीजवळ मध्यम शक्तीचा हम्बकर बसवावा.

पालकहो, मुलास एकदम नाहीं म्हणूं नका. 'स्क्रू फिरवून पाहिलास काय?' एवढें विचारा. आणि विद्यार्थिमित्रांनो, वडिलांच्या घामाचा पैसा मागण्यापूर्वीं आपले कान व हात झिजवावे, हेंच उचित.