सांगणाऱ्याची जागा

पवना धरणाच्या काठी, पवनानगरास, आमच्या एका विद्वान स्नेह्याने परवा असा सिद्धान्त मांडला की, डॉ. सालिम अली यांचे खरे कार्य संशोधनाचे. रेडिओवरील भाषणे म्हणजे थोर माणसाचा फावल्या वेळचा उद्योग. हे मत पुष्कळांचे आहे, म्हणूनच त्याचा समाचार घेणे आम्हांस प्राप्त आहे.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्ये सालिम अलींस जागा मिळाली, ती प्रेक्षकांस प्राणिसृष्टी समजावून देण्याची. बर्लिनला स्ट्रेसेमान यांच्यापाशी शिकून १९३० साली ते परतले, तो पैशाच्या अभावी ती जागाच रद्द झालेली! शास्त्र ठेवावे आणि ते सांगणारा काढावा, ही आमची जुनी काटकसर. बेकार सालिम अली किहीमला जाऊन सुगरणी पाहत बसले. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखून घेते, आणि ती अंडी उबवू लागली की हा गृहस्थ दुसरे घरटे मांडतो, हे त्यांनी तेथे उलगडले. परंतु असले ज्ञान नियतकालिकांतच पडून राहिले असते, तर त्याने एक तरी पाणथळ वाचले असते काय? १९४१ च्या पक्षिग्रंथाने आणि पुढे चार दशके केलेल्या भाषणांनी लोकांचे कान तयार झाले. भरतपूरसाठी त्यांनी शब्द टाकला, तेव्हा त्यास वजन आले ते यामुळे.

एक आक्षेप आम्ही मान्य करतो. ती वाणी मुख्यतः इंग्रजी होती. मावळच्या बांधावर ती पोचली नाही. मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांकडून शब्द वेचून ही उणीव पुष्कळशी भरून काढली. परंतु हा दोष सांगण्याचा नव्हे, अपुऱ्या सांगण्याचा आहे.

आमचा वाद चालू असता पाण्यावर काळे पक्षी तरंगत होते. त्यांचे इंग्रजी नाव आम्हां दोघांसही येत होते. मराठी एकासही येईना. शेजारी उभा असलेला शाळकरी मुलगा म्हणाला, "काका, वारकरी हाय त्यो. कपाळावरचा टिळा बघा की!" इतक्यात पलीकडच्या तंबूंतून कर्णा सुरू झाला आणि पुढचे त्याचे बोलणे बुडाले.

ज्या गावांनी या धरणास जमिनी दिल्या, त्यांच्या मुलांस येथे पाहुण्यांची ताटे वाढण्याचे काम सहज मिळते. पाहुण्यांस पाखरे दाखविण्याचे काम त्यांस पगार देऊन का देऊ नये? १९३० साली मुंबईत रद्द झालेली ती जागा पवनानगरास पुन्हा निर्माण करा. सालिम अलींचे याहून उचित स्मारक आम्हांस तरी दिसत नाही.