माळ्यावरचा लॅपटॉप

तुमच्याकडेही असणार एक. माळ्यावर, जुन्या सूटकेसमध्ये, स्वतःच्याच चार्जरच्या वायरीत गुंडाळलेला. पहिल्या जॉबच्या पगारातून हप्ते भरून घेतलेला. आता बटण दाबलं तर ढिम्म! पण भंगारवाल्याला द्यायचा धीर होत नाही, कारण त्यात 'काहीतरी' आहे. काय ते आठवत नाही, एवढंच.

आमच्याकडे ते आईला आठवलं. 'ह्यांनी लिहिलेलं होतं ना त्यात?' होतं. एसटीतून रिटायर झाल्यावर बाबा २००७ साली रोज दुपारी माझ्या लॅपटॉपवर एका बोटाने टाइप करत बसायचे. भोर-महाड गाडीवरच्या कंडक्टरकीच्या आठवणी. वरंध घाट, पाऊस, बंद पडलेल्या गाड्या, गाडीतली माणसं. बाबा २०१९ मध्ये गेले. लॅपटॉप त्यांच्याही आधी गेला होता.

एका सर्व्हिस सेंटरने दोन मिनिटांत निकाल दिला, 'मॅडम, मदरबोर्ड गेलाय, डेटा विसरा.' अहो, पण घरातले लाइट गेले म्हणून कपाटातले दागिने जातात का? लॅपटॉप मरतो तो बहुतेक वेळा मदरबोर्डमुळे, स्क्रीनमुळे, नाहीतर पॉवरच्या भानगडीमुळे. हार्ड डिस्क हा वेगळा पार्ट. त्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये खालचे दोन-चार स्क्रू काढले की ती हातात येते. पत्त्यांच्या कॅटपेक्षा जराशी मोठी.

मग लॅमिंग्टन रोड. दुकानात डिस्क सोबत न्या, कारण पहिला प्रश्न असतो 'साटा की आयडीई?' साटाला चपट्या पट्टीसारखं कनेक्शन असतं, आयडीईला बारीक पिनांच्या दोन रांगा. २००६-०७च्या आसपासच्या लॅपटॉपमध्ये दोन्ही सापडतात. त्याप्रमाणे यूएसबीचं केसिंग घ्यायचं. काहीशे रुपयांचं काम. डिस्क त्यात बसवली की ती मोठ्या पेनड्राइव्हसारखी नव्या लॅपटॉपला लागते.

इथे खरी परीक्षा कानांची. नुसती घूं करून फिरली तर देव पावला. टक्-टक् आवाज आला तर ताबडतोब वायर काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. बिल हजारांत येतं, पण घरी पुन्हा पुन्हा लावून बघाल तर उरलंसुरलंही जाईल. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला देणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. आत दव धरलं तर संपलंच.

आमची घूं करून फिरली. विंडोज अशा वेळी कधी कधी 'फॉरमॅट करू का?' असं अगदी सोज्वळपणे विचारतं. उत्तर एकच, कॅन्सल! परमिशन नाही म्हणालं तर कंटिन्यू दाबायचं. एक्सपी असेल तर तुमचा जुना संसार 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' नावाच्या फोल्डरमध्ये, तुमच्या तेव्हाच्या युजरनेमखाली. आधी सगळं कॉपी करायचं, मग रडायचं. (कॉलेजचे फोटो निघाले. त्या हेअरकटबद्दल इथे काही लिहिणार नाही.)

एक खरं सांगू? या बाबतीत जुने लॅपटॉप परवडले. आता काहींमध्ये स्टोरेज बोर्डवरच सोल्डर केलेलं असतं. शिवाय डिस्क एन्क्रिप्ट केलेली असली तर रिकव्हरी की नसताना ती बाहेर काढून उपयोग शून्य. चोराला जमत नाही हे ठीक, पण मुलीलाही नाही.

बाबांची फाइल सापडली. एकेचाळीस पानं. उघडली, तर पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. आईचा चेहरा पडला, 'खराब झालं का गं?'

नव्हतं झालं. तेव्हा घरोघरी मराठी टाइप व्हायचं ते शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये. कॉम्प्युटरच्या लेखी ती रोमन अक्षरंच, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट नाही, तर मुखवटा नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती, पण आमच्या घरापर्यंत पोचली नव्हती. त्यामुळे फाइल्स काढताना विंडोजमधलं 'फॉन्ट्स' फोल्डरही उचला, हे मी हात जोडून सांगते. बाबांचा फॉन्ट तिथेच, त्याच डिस्कवर बसला होता. इन्स्टॉल केला आणि पहिली ओळ उभी राहिली. 'सकाळी सहाची गाडी.'

मग कन्व्हर्टर लावून सगळं युनिकोडमध्ये घेतलं, म्हणजे पुढच्या वेळी फॉन्टची मिनतवारी नको. कन्व्हर्टर बहुतेक अडखळतो तो पहिल्या वेलांटीला आणि रफाराला. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. त्यामुळे ठिकठिकाणी ऱ्हस्व वेलांट्या शांतपणे भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या होत्या. मी प्रिंट काढून आईला लाल पेन दिलं.

ती तीन दिवस तपासत होती. मध्येच हसायची, मध्येच पेन खाली ठेवायची. बाविसाव्या पानावर 'आशिर्वाद' आला. मी दुरुस्त करायला गेले, तर तिने प्रिंट ओढून घेतली.

'ही मशीनची चूक नाही, ह्यांचीच आहे. पत्रातसुद्धा असंच लिहायचे. राहू दे.'